गोणीतील बटाट्याचे पंचांग

काही वर्षांपूर्वी बागकामावरील एका इंग्रजी पुस्तिकेचा मराठी अनुवाद माझ्या हातून झाला. अंगणात किंवा गच्चीवर गोण्यांमध्ये बटाटे कसे लावावेत, याविषयी तीत एक प्रकरण होते; आणि बटाट्याची लागवड वसंताच्या आरंभी करावी, असे त्याच्या पहिल्याच वाक्यात सांगितले होते. मी ते वाक्य जसेच्या तसे मराठीत उतरविले. शब्दास शब्द बरोबर होता, व्याकरण निर्दोष होते, आणि तरीही ते वाक्य चुकीचे होते. ही चूक माझ्या ध्यानात आणून दिली ती मध्य भारतातील एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी. पुस्तिका वाचून त्यांनी फाल्गुनाच्या अखेरीस मुलांकडून बारा गोण्या भरवून घेतल्या होत्या. रोपे उगवली, वीतभर वाढली, मुलांनी पाळीपाळीने पाणी घातले. पुढे गच्ची तापू लागली तशी पाने माना टाकू लागली, आणि वैशाखात गोण्या उलट्या केल्या तेव्हा गोट्यांएवढे मोजके कंद हाती लागले. शिक्षकांच्या पत्रात रागाचा शब्द नव्हता. ‘आमच्याकडून काय चुकले?’ एवढेच त्यांनी विचारले होते.

चुकले होते ते माझ्याकडून. मूळ पुस्तिका ब्रिटनमधील वाचकांसाठी लिहिलेली होती. तेथे वसंताचा आरंभ म्हणजे कडाक्याची थंडी ओसरून जमीन नुकतीच उबदार होऊ लागण्याचा काळ. आपला वसंत चैत्र-वैशाखाचा. मध्य भारतात त्या दिवसांत दुपारी पारा ४० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जातो. नाव एकच असले तरी हे दोन निराळे ऋतू आहेत, आणि बटाट्याचे झाड शब्दकोश पाहत नाही.

गोणीतील भाजीपाल्याविषयी आज माहितीचा सुकाळ आहे. ती वाचून शाळाशाळांतून आणि घरोघरी प्रयोगही होतात, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि त्या माहितीचा पुष्कळसा भाग परक्या हवामानातून उचललेला असतो, आणि तिच्याबरोबर दोन गोष्टी न तपासता आत येतात: एक परके पंचांग आणि दुसरे उत्पन्नाचे भरमसाट आश्वासन. शाळांनी गोणीत बटाटा जरूर लावावा, पण ही दोन्ही बाजूला ठेवून लावावा, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगण्यापूर्वी बटाटा म्हणजे वनस्पतीचा कोणता भाग, हे पाहिले पाहिजे.

बटाटा जमिनीत वाढतो म्हणून त्यास मूळ समजण्याची चूक सर्रास होते. वस्तुतः ते खोड आहे. झाडाचा जो भाग मातीखाली असतो, त्याच्या पेऱ्यांपासून आडव्या फांद्या निघतात. प्रकाशाकडे न जाता त्या मातीतच सरकतात, आणि योग्य वेळ येताच त्यांची टोके फुगू लागतात. ते फुगलेले टोक म्हणजे बटाटा. त्याच्या अंगावरचे डोळे हे पेऱ्यांवरचे कळेच होत. नीट पाहिले तर ते मळसूत्रासारख्या क्रमाने मांडलेले दिसतात. वनस्पतिशास्त्राच्या पारिभाषिक मराठीत यास ग्रंथिक्षोड म्हणतात. शब्द अर्थाने अचूक आहे, पण तो उच्चारताना मुले हसतात हे मी वर्गात पाहिले आहे, म्हणून येथे कंद म्हणूनच पुढे जाते.

टोक फुगण्याची ती ‘योग्य वेळ’ ठरविते कोण? मुळे नव्हेत, माती नव्हे, पाने. रात्र किती लांब आहे, याचे माप पाने घेतात. रात्र पुरेशी लांब व थंड झाली की पानांतून एक निरोप खोडावाटे खाली जातो, आणि तो पोहोचला म्हणजे मातीतल्या फांद्यांची लांबण्याची क्रिया थांबून टोकांशी पिष्टमय पदार्थाचा साठा होऊ लागतो. हा निरोप पानांतूनच निघतो, हे ग्रेगरी यांनी १९५६ साली कलमांच्या प्रयोगांनी दाखविले. लहान दिवसांत वाढविलेल्या झाडाचा शेंडा मोठ्या दिवसांतील झाडावर बांधला, तर त्या दुसऱ्या झाडासही कंद धरतात. निरोप वाहून नेणारे प्रथिन मात्र २०११ साली ओळखले गेले. इतर वनस्पतींत फुलोऱ्याची सूचना नेणारे जे प्रथिन आहे, त्याच्याच कुळातले हे निघाले. फुलण्याची वेळ आणि कंद धरण्याची वेळ यांचे घड्याळ निसर्गाने एकाच कारखान्यात घडविले, असे म्हणावयास हरकत नाही.

या घड्याळास उष्णता मानवत नाही. रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली असता कंद चांगले धरतात. माती ३० अंशांच्या आसपास तापली की ती क्रिया जवळजवळ थांबते. पाने हिरवी दिसतात, झाड उंच होते, पाहणाऱ्यास वाटते की पीक जोरात आहे. पण खाली काहीच घडत नसते. त्या शाळेतील मुलांची फसगत झाली ती यामुळेच.

आता आपल्या देशाचे पंचांग पाहू, कारण ते एक नाही, निदान तीन तरी आहेत. सिमल्याच्या डोंगरउतारावर लागवड चैत्राच्या सुमारास होते, म्हणजे माझे ते चुकीचे वाक्य तेथे बरोबर ठरले असते. उत्तरेच्या मैदानात आणि मध्य भारतात बटाटा हे थंडीचे पीक आहे; ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावावे आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढावे. पुणे जिल्ह्याच्या खेड व आंबेगाव तालुक्यांतील पठारांवर मात्र शेतकरी पावसाळ्याच्या आरंभीही बटाटा लावतात, कारण तेथील ढगाळ आणि गार पावसाळा त्यास मानवतो. नीलगिरीवर तर वर्षातून तीन हंगाम निघतात. ही पुस्तिका इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथील ग्रंथालयात वाचणाऱ्याने महिन्याचे नाव घेऊ नये, रात्रीचा थंडावा पाहावा, असे मी म्हणते ते याकरिता. घरातील साधा तापमापक रात्री गच्चीवर ठेवला तरी पंचांगाचे काम भागते.

या बाबतीत आपल्या देशाचा पूर्वानुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला. पोर्तुगीजांमुळे तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला, आणि त्यांचाच ‘बटाटा’ हा शब्द मराठीने ठेवून घेतला. अँडीजमधील मूळ जातींना लहान दिवसांत कंद धरत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे पीक युरोपात गेल्यावर तेथील उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत कंद धरू शकतील अशीच झाडे पिढ्यानपिढ्या निवडली गेली. त्या युरोपीय जाती पुढे इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आणल्या गेल्या तेव्हा त्यांपैकी पुष्कळ येथील आखूड हिवाळ्यात रुळल्या नाहीत. १९४९ साली पाटणा येथे केंद्रीय बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली व १९५६ साली ती सिमल्यास हलविण्यात आली. तेथून जवळच कुफ्री येथे संकराचे काम चाले, कारण डोंगरावरील उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत बटाट्यास फुले येतात. मैदानातील थंडीच्या पिकास ती क्वचितच येतात. म्हणून आपल्या जातींच्या नावांमागे ‘कुफ्री’ लागते. १९६८ सालची कुफ्री ज्योती, १९७२ सालची कुफ्री लवकर, उष्णता सोसणारी २००६ सालची कुफ्री सूर्या ही त्यांपैकी काही. ‘लवकर’ हा आपलाच मराठी शब्द त्या नावात पाहून मला अनुवादकाच्या मत्सरमिश्रित आनंदाचा अनुभव आला, हे कबूल करते.

पण जातींपेक्षाही बेण्याची कथा अधिक बोधप्रद आहे. इंग्रजीत बटाट्याच्या फळातील बी आणि लागवडीसाठी राखलेला कंद या दोहोंना एकच शब्द वापरतात. मराठी शेतकरी पहिल्यास बी आणि दुसऱ्यास बेणे म्हणतो, आणि हा भेद शास्त्रशुद्ध आहे. बेणे म्हणजे त्याच झाडाची पुढे चाललेली प्रत. प्रतीबरोबर आईबापांचे गुण येतात, तसे रोगही येतात. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये करप्याने जो हाहाकार उडविला व सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेतला, त्याच्या तीव्रतेमागे प्रामुख्याने एकाच जातीवर विसंबलेली शेती हे एक कारण होते. आपल्याकडे अडचण निराळी होती. मावा या किडीमुळे विषाणू पसरतात, म्हणून निरोगी बेणे डोंगराळ भागातून आणावे लागे. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वर्षभर माव्याची गणना केली, तेव्हा उत्तरेच्या मैदानात हिवाळ्याच्या आरंभी काही आठवडे तो जवळजवळ नसतो असे आढळले. मग त्या काळातच बेण्याचे पीक वाढवावयाचे आणि माव्याची संख्या वाढण्यापूर्वी झाडांचा पाला कापून टाकावयाचा, अशी पद्धत बसविण्यात आली. त्यामुळे बेण्याचे उत्पादन मैदानात शक्य झाले. परक्या पंचांगाऐवजी किडीचे आणि झाडाचे पंचांग मोजून पाहिल्याचे हे फळ होय.

गादीवाफ्याविषयीही हेच म्हणता येईल. उंच वाफ्यास गादीवाफा हा सुरेख शब्द आपल्याकडे आधीच रूढ आहे, नवा घडविण्याची गरज नाही. पण वाफा उंच करावयाचा कशाकरिता, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. बटाट्याच्या मायभूमीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवरील टिटिकाका सरोवराच्या काठी, प्राचीन शेतकऱ्यांनी मातीचे उंच पट्टे आणि त्यांच्यामध्ये पाण्याचे चर अशी शेते रचली होती. चरातील पाणी दिवसा ऊन साठवी आणि रात्री हिमापासून रोपांचे रक्षण करी. चरांतला गाळ खताच्या कामी येई. आयर्लंडमधील उंच पट्टे होते ते ओल्या जमिनीतून पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. आपल्या मैदानातील कार्तिकात हिमही नाही आणि पाऊसही नाही. तेथे फार उंच केलेला वाफा केवळ लवकर सुकतो. आपल्याकडे त्याचा उपयोग एवढाच की माती पायाखाली तुडविली न जाता भुसभुशीत राहते. त्यास वीतभर उंची पुरेशी आहे, रुंदी मात्र दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचेल इतकीच असावी. वर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घातले म्हणजे माती गार राहते. पावसाळी पीक घेणाऱ्या पठारावर मात्र निचऱ्याकरिता उंची वाढवावी.

आता त्या आश्वासनाकडे वळते. गोणी अर्धी भरून बेणे लावावे, झाड वाढेल तसतशी माती टाकीत जावे, म्हणजे खोडाच्या प्रत्येक मजल्यावर बटाटे धरून एकाच गोणीत दहा-दहा किलो निघतात, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. मातीची भर द्यावी हे खरे. पण तिचे कारण निराळे आहे. वर आलेल्या कंदांना अंधार मिळावा, माती गार राहावी आणि पाकोळीच्या अळीस कंदापर्यंत वाट मिळू नये, याकरिता भर असते. कंद धरणाऱ्या फांद्या खोडाच्या तळच्या पेऱ्यांपासून निघतात आणि साधारणतः एकाच थरात राहतात. माती चढविली म्हणून मजल्यावर मजला चढत नाही. शिवाय कंदात भरणारी साखर पानांनी तयार केलेली असते. झाडाची पानेच मातीत पुरीत गेलो, तर साखर आणावयाची कोठून?

हिशेब करून पाहू. देशातील बटाट्याचे सरासरी उत्पन्न हेक्टरी २५ टनांच्या आसपास आहे, म्हणजे चौरस मीटरला अडीच किलो. शेतात दोन ओळींत ६० आणि दोन झाडांत २० सेंटिमीटर अंतर ठेवतात. एका झाडाच्या वाट्यास १,२०० चौरस सेंटिमीटर जागा येते. ४० सेंटिमीटर व्यासाच्या गोणीच्या तोंडाचे क्षेत्रफळ काढा. ते १,२५० चौरस सेंटिमीटरहून थोडे अधिक भरते. म्हणजे एक गोणी ही शेतातील एका झाडाची जागा झाली, आणि त्या मानाने तिचे उत्पन्न सुमारे ३०० ग्रॅम. गोणीभोवती मोकळी जागा असली तर पानांना चोहोबाजूंनी प्रकाश मिळतो. निगा चांगली असेल तर अर्धा किलो किंवा त्याहून काही अधिक निघेल. दहा किलो हे गणितात बसत नाही. दोन-तीन ओंजळी बटाटे हेच खरे यश आहे, आणि ते आधी सांगितले तर मुलांची निराशा होणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग हा खटाटोप कशाला? गोणी, खत आणि काथ्याचा भुगा यांच्या किमतीत बाजारातून कितीतरी अधिक बटाटे येतात. हे खरेच आहे, आणि घरखर्चात बचत होईल असे सांगून कोणी गोण्या विकत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. परंतु शाळेस बटाट्यांची गरज नसते. तिला हवी असते कुणीही उलटून पाहू शकेल अशी गोष्ट. शेतातील झाडाखाली काय चालले आहे ते दिसत नाही. गोणी मात्र एका दुपारी गोणपाटावर रिकामी करता येते, खोडापासून निघालेली आडवी फांदी, तिचे फुगलेले टोक आणि तळाशी सुकून गेलेले जुने बेणे ही सर्व बोटांनी दाखविता येतात. दोन गोण्या शेजारी ठेवून एकीत फक्त भर द्यावी आणि दुसरीत काठापर्यंत माती चढवीत जावे. दोहोंचे कंद तोलावेत. कार्तिकात लावलेल्या गोणीशेजारी माघात लावलेली गोणी ठेवावी. वरच्या वर्गांना याहून मोठे काम देता येईल: लावण्यापूर्वी आणि काढणीनंतर गोणीतील माती पूर्ण वाळवून तोलणे. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्टने कुंडीत विलो वृक्ष लावून पाच वर्षे हेच केले होते. माती जवळजवळ तेवढीच राहिली, म्हणून झाड पाण्याचेच बनते, असे त्याने ठरविले. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्यास ठाऊक नव्हता. तरी बटाट्यापुरते तो फारसा चुकला नसता, कारण ताज्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणीच असते.

गोणी तागाची असल्यास उत्तम. काळे प्लॅस्टिक उन्हात आतली माती भाजून काढते. खताची रिकामी गोणी धुऊन वापरता येईल, औषधांची मात्र नको. तळाशी निचऱ्यास भोके हवीत. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि काथ्याचा भुगा सारख्या भागांनी घ्यावा. आधी टोमॅटो, वांगी किंवा मिरची लावलेली माती घेऊ नये, कारण ही सर्व एकाच कुळातील असल्याने रोग सामाईक असतात. एका गोणीत एक बेणे पुरे. ते शक्यतो खात्रीच्या ठिकाणाहून आणावे. बाजारातील बटाट्याबरोबर रोग येण्याची भीती असते आणि कधी कोंब दाबण्यासाठी त्यावर रसायनाचा वापरही झालेला असतो. लावण्यापूर्वी दोन आठवडे बेणे मंद उजेडात पसरून ठेवल्यास आखूड, जाड कोंब येतात.

एका गोष्टीविषयी मात्र शिक्षकांनी आग्रह धरावा. प्रकाश लागून हिरवा झालेला बटाटा मुलांना खाऊ देऊ नये. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो स्वतः निरुपद्रवी आहे; पण ज्या प्रकाशाने तो आला त्यानेच सोलॅनिन व चॅकोनिन ही विषारी द्रव्येही वाढतात, आणि शिजविल्याने ती फारशी नाहीशी होत नाहीत. डोंगराळ भागातील शाळांत झाडास टोमॅटोसारखी लहान हिरवी फळे धरतील. तीही विषारी होत.

त्या शिक्षकांना मी उत्तर लिहिले, चुकीची कबुली दिली आणि दिवाळीनंतर पुन्हा प्रयत्न करावा असे सुचविले. फेब्रुवारीत त्यांचे दुसरे पत्र आले. सोबत सातवीतील मुलींनी आखलेले एक कोष्टक होते. बारा गोण्या, प्रत्येकीपुढे कंदांची संख्या आणि ग्रॅममध्ये वजन. आठव्या गोणीपुढे शून्य होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते, ‘भोके पाडावयाची राहिली. कुजले.’ नव्या आवृत्तीत ‘वसंताच्या आरंभी’ हे शब्द मी काढून टाकले आहेत. त्यांच्या जागी आता चार ओळी आल्या आहेत, आणि निचऱ्याची सूचना ठळक अक्षरांत घातली आहे.